कानाची खूण

ऑर्व्हिल टिशलर नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजात अडतीस वर्षं बेसबॉल शिकवत आला. नऊशेच्या वर सामने जिंकले, तरी मैदानावरची माती सारखी करायला दाताळं तोच फिरवायचा. ते काम कुणाच्या हाती देत नसे. सामन्यात तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे धावेच्या वाटेवरल्या तिसऱ्या टप्प्याशी, उभा राहून टोपी, पट्टा, कोपर चाचपत तो धावणाऱ्या पोरांना खुणा करी. बायको, लोर्ना, म्हणायची, "लांबून वाटतं, तुला माश्या छळताहेत." विरोधकांना ओळखू येऊ नयेत म्हणून दर वसंतात तो सगळ्या खुणा बदलायचा, आणि नव्या पाठ झाल्या की जुन्या साफ विसरायचा. याचा त्याला अभिमान होता.

यंदा एप्रिलात एका परगावच्या सामन्यात, शेवटच्या डावात एका धावेची पिछाडी असताना, ब्रॉडी नावाचा पोरगा दुसऱ्या बेसवर होता. टिशलरनं कान धरला. ब्रॉडी सुसाट सुटला आणि बाद झाला. सामना गेला.

"डोळे गहाण टाकलेस काय रे? थांब म्हटलं होतं!"

"कोच, तुम्ही कान धरलात. कान म्हणजे पळ."

तेवढ्यात बाकावरून मदतनीस कोच क्युबिक पुढे झाला. "चूक माझी. मीच ओरडलो, पळ म्हणून. जा ब्रॉडी, बूट काढ."

क्युबिक ओरडला नव्हता, हे टिशलरला ठाऊक होतं. परतीच्या बसमध्ये तो त्याच्या शेजारी जाऊन बसला. बाहेर मक्याची रिकामी रानं मागे पडत होती.

"कान म्हणजे थांब. कधीचं रे ते?"

"जाऊ द्या, कोच."

"विचारतोय मी."

"आमच्या वर्षाचं. मी तुमच्या हाताखाली खेळायचो तेव्हाचं. बावीस वर्षं झाली."

"तू थांबला असतास."

"हो."

"या मोसमात किती वेळा झालं असं?"

क्युबिकनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तीनदा. मी बाकावरून ओरडून निस्तरलं. आज नाही जमलं."

शनिवारी घरच्या मैदानावर टिशलरनं नेहमीसारखं दाताळं फिरवलं. मग सगळ्यांदेखत ब्रॉडीला म्हणाला, "तुझं बरोबर होतं. कान म्हणजे पळच."

"ठीक आहे, कोच," म्हणून पोरगा बुटाच्या नाड्या आवळू लागला.

त्या दिवशी तिसऱ्या बेसजवळ क्युबिक उभा राहिला. टिशलर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बाकावर बसला. सातव्या डावात एक पोरगा दुसऱ्या बेसवर पोचला, तसा टिशलरचा हात आपसूक कानाकडे गेला.

कुणीच वळून पाहिलं नाही.