हायपोत न घातलेलं नाव

रिसोडला जिनदासजींच्या छापखान्यात फोटोटाइपसेटर आला, तेव्हा त्याच्यासाठी खिडकीत एसी बसवला गेला. त्याच वर्षी त्याच घरात थोरली सून आली. तिच्या खोलीतला पंखा मात्र घरघर करत जेमतेम फिरायचा. गावानं यावर मनसोक्त हसून घेतलं. "जिनदासजीची लाडाची सून कोणती, ते एसीवरून समजते," असं लोक म्हणायचे आणि जिनदासजीही त्यात सामील व्हायचे, कारण त्यांना मनातून तसंच वाटत होतं.

मशीन अकोल्याच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाकडून जुनी घेतलेली होती. तिच्या पोटात फिल्मची एक चकती गरगर फिरायची, तिच्यावर सगळी अक्षरं आरपार दिसतील अशी कोरलेली. कळ दाबली की मागचा दिवा लुकलुकायचा आणि ते अक्षर फोटोच्या कागदावर पडायचं. थोडक्यात, अक्षरांचे फोटो काढणारी मशीन. आणि फोटो म्हटला की तो धुवावा लागतो. त्यासाठी मागच्या कोठीची खिडकी काळ्या रंगानं लिंपून डार्करूम केली होती. कागद आत नेऊन आधी डेव्हलपरच्या टबात घालायचा, मग हायपोच्या. डेव्हलपरनं अक्षर दिसू लागायचं, हायपोनं ते टिकायचं. हायपोत न घालता कागद उजेडात आणला, तर बघता बघता सगळाच काळा व्हायचा. मग अक्षर कुठलं आणि कोरी जागा कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

अकोल्याहून आणलेला ऑपरेटर दिवाळीला म्हणून गावी गेला तो गेलाच. लग्नसराई तोंडावर आलेली. जिनदासजींचा थोरला मुलगा, नवीन, छपाईचं बघायचा, पण कळफलकावर त्याची बोटं शेतात चुकलेल्या वासरासारखी हिंडायची. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं की सून, म्हणजे चेतना, कारंज्याची असून मराठी टायपिंगची परीक्षा पास आहे. सासूबाईंनी, प्रेमाबाईंनी, नाक मुरडलं. घरची लक्ष्मी गिऱ्हाइकांसमोर बसणार! पण गरजवंताला अक्कल नसते. चेतना मशीनवर बसली आणि आठवड्याभरात अशी बसली की जिनदासजींना ऑपरेटरचं नावही आठवेना.

मेडशीचे, किन्हीराजाचे लोक लग्नाच्या पत्रिका घेऊन यायचे. नवरदेवाचं नाव एका ओळीत आणि काका-मामांची नावं पानभर. एखादा मामा राहिला, तर लग्नात वरातीपेक्षा त्याचा रुसवा मोठा. चेतना सगळ्या मामांना ओळीनं बसवायची. त्या मशीनचा उकार जरा उजवीकडे सरकायचा. मग धुतलेल्या कागदावरून तो ब्लेडनं कापून काढायचा आणि जागेवर चिकटवायचा. हे काम चेतनाला आवडायचं. अक्षर नीट बसलं की तिला उगाच बरं वाटायचं.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी कारंज्याला गेली. जाण्याआधीच तिनं मनात नाव ठरवून ठेवलं होतं. मुलगी झाली तर राजुल. मंदिरात ऐकलेल्या नेमिनाथांच्या कथेतली राजुल. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. बारशाला नणंद येईल, तेव्हा तिच्या कानात हळूच सांगू, ती बाळाच्या कानात सांगेल, आणि मग सगळ्यांना कळेल, असा तिचा साधा बेत होता. मुलगीच झाली. पण बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालायच्या आधीच ती काविळीनं गेली. नणंद आली ती बारशाला नाही, भेटायला आली. नाव चेतनाच्या तोंडातच राहिलं.

ती रिसोडला परत आली, तेव्हा प्रेमाबाईंनी तिला जवळ बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. बाई वाईट नव्हती. पण धर्माच्या बाबतीत कडक होती. "रडू नको," त्या म्हणाल्या. "रडून गेलेल्या जीवाले काही भेटत नाही. आपलंच कर्म बांधल्या जाते." त्यांची स्वतःची दोन लेकरं लहानपणी गेली होती आणि त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं. घरात त्या मुलीचं नाव निघणं शक्यच नव्हतं, कारण तिला नाव नव्हतं. पण 'ती' असंही कोणी म्हणेना. नवीनही नाही. तो बायकोकडे बघायचा, काहीतरी बोलू बघायचा आणि "शाई आणाले अकोल्याले जा लागते," असं काहीबाही बोलून उठायचा.

एकत्र कुटुंबाच्या घरात रडायला जागा नसते. स्वयंपाकघरात धाकटी जाऊ, माजघरात नणंदा, गच्चीवर पापड आणि पापडांची राखण करणारी शेजारीण. फक्त एक दार असं होतं, ज्यावर लाल दिवा लागला की खुद्द जिनदासजीही हात लावत नसत. उघडलं की कागद वाया. चेतना आत जायची, दिवा लावायची, कागद टबात सोडायची आणि रडायची. आवाज यायचा नाही, नळ सुरू असायचा.

पुढे पुढे नुसतं रडून भागेना. एक दिवस रोलच्या शेवटी थोडा कागद उरला होता. मोठ्या टाइपात तिनं तीन अक्षरं मारली. डार्करूममध्ये पट्टी डेव्हलपरमध्ये घातली आणि लाल उजेडात हळूहळू नाव वर आलं. राजुल. आधी फिकट, मग ठसठशीत. उकार सवयीप्रमाणे उजवीकडे सरकलेला. ती बघत राहिली. आपल्या मुलीचं काहीतरी या जगात दिसतंय, हे तिला पहिल्यांदा वाटलं. पण पट्टी हायपोत घालायचा धीर तिला झाला नाही. घातली असती, तर ती टिकली असती. टिकली की लपवावी लागली असती, आणि त्या घरात लपवायला पेटीसुद्धा एकटीची नव्हती. मग तिनं डोळे भरून नाव वाचलं, दार उघडलं आणि बाहेर येईपर्यंत पट्टी काळी झाली. रद्दीत टाकली. कोणाला काही कळलं नाही.

असं ती अधूनमधून करायची. रोल संपत आला की ती उरलेला कागद मोजायची. कोणी म्हणेल, यात काय सुख? सुख नव्हतंच. पण आईला आपल्या लेकराचं नाव निदान बघावंसं तरी वाटणारच ना!

एका दुपारी शिरपूरहून पाहुणे आले. घरात धावपळ, चेतना कुठे दिसेना. प्रेमाबाई मागे आल्या आणि कोण जाणे काय मनात आलं, लाल दिवा बघूनही त्यांनी दार ढकललं. दुपारचा उजेड आत घुसला. चेतनाच्या हातात ओली पट्टी होती, गाल ओले होते. प्रेमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. पोथी वाचताना हलतात तसे त्यांचे ओठ हलले. रा, जु, ल. त्यांनी वाचलं, चेतनानं ते नीट पाहिलं. मग पट्टी करडी झाली, तपकिरी झाली, काळी झाली. दोघी सासू-सुना ते होताना बघत राहिल्या.

"चहा टाकला," प्रेमाबाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

टबातल्या दोन पत्रिका वाया गेल्या होत्या. संध्याकाळी जिनदासजी चिडले. सुनेनं तोंड उघडायच्या आत प्रेमाबाई म्हणाल्या, "मीनंच उघडलं दार. मले बोला." एवढं मात्र त्यांनी केलं.

त्या दिवसापासून चेतना वाट बघू लागली. त्यांना कळलंय, तर कधीतरी बोलतील. एकदा नुसतं 'राजुल' म्हणतील. पुढे दुसऱ्या खेपेला, संयमच्या वेळी, सातवा महिना लागला, प्रेमाबाई तिच्या डोक्याला तेल लावत होत्या. घरात दोघीच. चेतना मान खाली घालून बसली होती. आता म्हणतील, आता म्हणतील. प्रेमाबाईंनी वेणी घातली, कडकड बोटं मोडून दृष्ट काढली आणि उठल्या. संयमच्या बारशाला नणंदेनं त्याच्या कानात 'संयम' म्हटलं, तेव्हाही चेतनानं सासूकडे पाहिलं. त्या घुगऱ्या वाटत होत्या. माणूस कठोर असतो म्हणून गप्प बसतो असं नाही. कित्येकदा कसं बोलावं ते कळत नाही म्हणूनही बसतो. पण वाट बघणाऱ्याला दोन्ही सारखंच.

मग कॉम्प्युटर आला. मशीन निघाली, एसी जिनदासजींच्या खोलीत गेला आणि डार्करूमच्या खिडकीचा काळा रंग खरवडून तिथे कागदाची रिमं रचली. सगळ्यांना आनंद झाला. चेतनाला रडायला जागा राहिली नाही, हे कोणाला सांगणार? कॉम्प्युटरवर तिनं एकदाच राजुल टाइप केलं. ना टब, ना अंधार, अक्षरं टपकन समोर. मागे शाळेतून आलेला संयम उभा होता. त्यानं वाचलं.

"राजुल कोण, आई?"

चेतनाचं बोट आपोआप कळीवर गेलं. अक्षरं पुसली गेली. "कोणी नाही," ती म्हणाली.

हे दोन शब्द तिला आयुष्यभर बोचले. सासूनं नाव घेतलं नाही तर नाही, आपण तर आहे ते नाही म्हटलं. त्यानंतर तिनं ते नाव कुठेच टाइप केलं नाही.

जिनदासजी गेले. छापखान्याचं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान झालं. संयमचं लग्न झालं, निकिता सून म्हणून आली, आणि परवाच्या श्रावणात तिला मुलगी झाली. घर नुसतं फुलून गेलं. नव्वदीच्या प्रेमाबाई समोरच्या खोलीत खाटेवर असत. माणसं ओळखेनाशी झाली होती, पण लेकराचा आवाज आला की हसायच्या. बारशाच्या आदल्या दिवशी सगळे त्याच खोलीत जमले होते. गल्लीतल्या रंगूबाई बाळाला पायावर घेऊन मालिश करत होत्या. निकिता लोडाला टेकून बसली होती, संयम मोबाइलमध्ये नावं शोधत होता.

"नाव तं भेटीन बाप्पा," रंगूबाई म्हणाल्या, "पण कानात सांगन कोण? आत्या पाह्यजे. संयमले तं बहीणच नाही."

"चुलत आहे ना वाशिमची," संयम म्हणाला. "तिले बोलावलं."

"चुलत ते चुलत. सख्खी असती तं गोष्ट वेगळी होती."

चेतना दुपट्याची घडी घालत होती. घडी घालता घालता म्हणाली, "होती."

"काय होती?"

"तुले बहीण. तुह्या आधीची."

संयमचा मोबाइल तसाच हातात राहिला. दाराशी बसलेल्या नवीननं वर पाहिलं. केस पांढरे झाले होते, पण चेहरा तोच, काहीतरी बोलू बघणारा. "आता काहून काढून राह्यली ते?" तो हळूच म्हणाला. "लहानशी होती बिचारी. तिचं तं नावबी ठेवलं नव्हतं."

"ठेवलं होतं," चेतना म्हणाली. "आईंले माहीत आहे. आईंनी वाचलं होतं."

ती उठून खाटेजवळ गेली. प्रेमाबाईंचा हात हातात घेतला. "आई, तुमी डार्करूमचं दार उघडलं होतं. माह्या हातात कागद होता. आठोते? काय लिहेल होतं त्याच्यावर?"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. ओठ हलले. चेतना खाली वाकली.

"कोणाच्या लग्नाची पत्रिका होती वो?" प्रेमाबाईंनी विचारलं.

चेतनानं हात सोडला नाही. पण जगात ते नाव वाचलेलं आणि ओळखलेलं एकच माणूस होतं, आणि आता तेही उरलं नव्हतं. तिला एकदम भीती वाटली. आज आपण बोललो नाही, तर ती झालीच नव्हती असं होईल.

"राजुल," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ते नाव तिनं बोटांनी मारलं होतं, डोळ्यांनी वाचलं होतं, तोंडानं कधीच म्हटलं नव्हतं. "राजुल नाव होतं तिचं."

मग नवीन म्हणाला, "मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कधी?"

त्यानं मान खाली घातली. संयमनं मोबाइल खाली ठेवला. रंगूबाईंनी तेलाचे हात पदराला पुसले. तेवढ्यात निकितानं त्यांच्याकडून बाळाला घेतलं, छातीशी धरलं आणि अगदी साधेपणानं, जणू दारात कोणी पाहुणी आली आहे, असं बाळाला सांगितलं, "आयकलं का माय? राजुल आत्या आहे तुले."

दुसऱ्याच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि चेतना जमिनीवर बसली. तिला हुंदका आवरेना. खाटेवरून प्रेमाबाईंचा हात तिच्या पाठीवर आला.

"रडू नको वो," त्या म्हणाल्या. "कर्म बांधल्या जाते." म्हातारी सगळं विसरली होती, पण नेमकं तेवढं विसरली नव्हती.

"बांधल्या जाऊ द्या, आई," चेतना म्हणाली, आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं रडली.