उतारावरचा होल

इंचबाईंना खरं नाव होतं, पण गोल्फच्या मैदानावर ते हजेरीपुस्तकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. गवत नखभर जरी वाढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची, आणि मोजपट्टी तर खिशात कायमचीच. झेंड्याभोवतीची हिरवळ बावीस वर्षं त्याच राखत होत्या. रोज सकाळी होल कापायचं कामही त्यांचंच. नव्या जागी नळकांडं दाबून मातीची वडी काढायची आणि ती जुन्या होलात अशी बसवायची, की कालची जागा शोधूनही सापडू नये. होलाभोवती हातभर जमीन सपाट हवी, हा त्यांचा नियम. मदतीला आलेल्या कुणी त्यात चूक केली, की त्या त्याला फाडून खायच्या.

वर्षातून एकदा कामगारांची स्पर्धा व्हायची. नऊ होल, आणि ज्याचे फटके सर्वांत कमी त्याला कप. सहा वर्षं तो यंत्रांच्या फिटरकडे जात होता. वर हा गृहस्थ येता-जाता टोमणा मारायचा, "बाई, गवत कापणं वेगळं, खेळणं वेगळं!" इंचबाईंचा अगदी तिळपापड व्हायचा. एकदा तरी याची जिरवायची, आणि तीही सगळ्यांसमोर, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात घर करून बसली होती.

यंदा स्पर्धेच्या सकाळी शेवटच्या हिरवळीवर त्या बराच वेळ घुटमळल्या. होलाजवळ आलं की फिटरचा हात डावीकडे ओढतो, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि होल कापला तो थेट उतारावर. डावीकडे चेंडू जरा कलला, की घरंगळत खालीच जाणार!

दुपारी आठ होल झाले तेव्हा इंचबाई दोन फटक्यांनी पुढे होत्या. नवरा पहिल्यांदाच खेळ बघायला आला होता आणि शेजारच्या माळ्याला सारखा सांगत होता, "ती आमची मंडळी बरं का!"

पण चेंडू कुणाच्या बापाचं ऐकतो? फिटरचा चेंडू नशिबाने होलाच्या बरोबर खाली थांबला आणि एका सरळ फटक्यात आत गेला. इंचबाईंचाही तेवढ्याच फटक्यांत हिरवळीवर आला, पण थांबला उताराच्या माथ्यावर. तिथून दोन फटक्यांत आत गेला असता तरी कप त्यांचाच होता. त्यांनी हलकेच टोला दिला. चेंडू होलाला वळसा घालून खाली गेला. खालून मारला, तर चढून पुन्हा पायाशी आला. लोक तोंड दाबून हसू लागले. पाचव्या फटक्याला एकदाचा आत पडला. दोन फटक्यांनी कप गेला.

फिटर मात्र हसला नाही. तो वाकून जमीन बघत होता. "साहेब, इथली जमीन खचलेली दिसतेय," तो निकाल द्यायला आलेल्या मॅनेजरना म्हणाला. "बाई असा होल कापणारच नाहीत. हा धरू नका."

मॅनेजरनी मान डोलावली. "बरोबर आहे. मग आठ होलांवर निकाल. कप इंचबाईंचा!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात नवऱ्याच्या. इंचबाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याची जिरवायला निघाल्या, तोच त्यांच्या हाताची ग्वाही देत होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "जमीन खचलेली नाही. सकाळी मीच उतारावर कापलाय. मुद्दाम. यांचा हात डावीकडे जातो म्हणून. हा होल धरा. कप यांचा."

नवऱ्याचे हात टाळीच्या मध्येच थांबले होते. मॅनेजर घसा खाकरून म्हणाले, "मग पुढच्या वर्षीपासून स्पर्धेचा होल दुसऱ्या कुणाला तरी—"

"छे!" फिटर एकदम म्हणाला. "पुढच्या वर्षीही यांनीच कापायचा."

"मी तुमच्याविरुद्ध खेळत असूनही?" इंचबाईंनी विचारलं.

"म्हणून तर."

इंचबाईंनी कप उचलला, पदराने पुसला आणि स्वतः नेऊन फिटरच्या हातात दिला. बावीस वर्षांत विश्वासाचा एवढा मोठा मान त्यांना कुणी दिला नव्हता, आणि तो घेताना त्यांची मान ताठ होती.