उलटं भिंग

पदवीदानाला आई-दादा आले नव्हते. कारखान्याचा गाळप हंगाम चालू होता आणि दादा, म्हणजे माझे वडील, तिथं फिटर. म्हणून मैत्रिणीचा पदवीदानाचा काळा झगा एका दिवसापुरता कोल्हारला घरी आणला. तो घालून दोघांबरोबर फोटो काढायचा आणि दुपारच्या एसटीनं नगरला जाऊन झगा परत द्यायचा. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, तीही फिजिक्सची. भिंतीवर पुरावा हवाच होता.

मामांनी दिलेला जुना कॅमेरा बाहेर काढला, तर पुढच्या भिंगाला आतून बुरशीची जाळी.

"मोतीबिंदू झालाय की ह्याला," आई म्हणाली.

भिंग धरून ठेवणारी चकती हलेना. दादांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा औषधाच्या बाटलीच्या बुडाला ताणून बसवला, चकतीवर दाबला आणि अलगद पिळला. चकती सुटली, भिंग माझ्या तळहातावर आलं.

"आदी खून कर, कोनती बाजू भाईर हुती ती."

"दादा, भिंगं मला नका शिकवू."

स्पिरिट आणि आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन भिंग लखलखीत केलं. दोन्ही बाजू फुगीर, दिसायला सारख्याच. बिनधास्त बसवलं.

रोल घालण्याआधी तपासणी केली. मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर लावला, शटर उघडं धरलं. उन्हात कागदावर काही दिसेना, म्हणून दादांच्या डोक्यावरून झगाच पांघरला. समोर आई, कडेला म्हैस.

झग्यातून आवाज आला, "उलटं हाय."

"काय?"

"तुजी आई. डोकं खाली, पाय वर. भिंग उलटं बसावलंस तू."

मला हसू आवरेना. कॅमेऱ्यात चित्र उलटंच पडतं, हे मी पाच मिनिटं समजावलं.

"मंग कॉलेजात सगळं उलटंच शिकिवत्यात व्हय?"

"माजे पाय खाली आना आदी," आई म्हणाली, "गाडीची येळ झाली."

मग मी झग्यात शिरले. मधोमध आईचा चेहरा स्वच्छ, पण कडेची म्हैस दूध नासल्यासारखी फुटलेली. फोकस कितीही फिरवला तरी कड सुधारेना. म्हणजे दोन्ही बाजूंचा फुगवटा सारखा नव्हता; भिंग खरोखरच उलटं, आतली बाजू बाहेर, बसलं होतं. आत माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं ते बरं.

बाहेर आले. दादांनी ट्यूबची बाटली पुढं केली. भिंग पालथं करून बसवलं, तशी म्हैस शिंगांच्या टोकांपर्यंत लख्ख आली.

रोल घातला, कॅमेरा स्टुलावर ठेवून आपोआप दाबलं जाणारं बटण लावलं आणि झगा सावरत दोघांच्या मध्ये पळाले. बटण करकरत असताना दादा म्हणाले, "मी म्हनलो हुतो ना, उलटं हाय."

एसटी मिळाली. फोटो अजून भिंतीवर आहे. आई हसतेय, मी हसतेय, दादांचं तोंड उघडं. पाहुण्यांना ते सांगतात, "पोरगी फिजिक्सची बी.एस्सी. हाय. पर भिंग उलटं हाय हे मी वळाकलं."

भिंग सरळ बसवून बघितलं तेव्हाही आई उलटीच दिसत होती, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलंय. ते ऐकत नाहीत.