अप्पांच्या टाकाची चांदी

अप्पा, माझे वडील, गेले तेव्हा त्यांच्यामागे चार एकर जमीन, एक चष्मा आणि आठ जुनी नाणी राहिली. जमिनीवरून भांडण झालं नाही, ती आजोबांनी हयातीतच दोन्ही मुलांना, अप्पांना आणि काकांना, वाटून दिली होती. चष्मा कुणालाच नको होता. नाणी मात्र वाटायची राहून गेली होती. म्हणून चौदाव्या दिवशी सकाळी, जनवाड्याच्या आमच्या घरात, जेवढी माणसं होती तेवढे नाण्यांचे जाणकार निघाले.

आठांपैकी सात निजामाच्या काळातले हाली रुपये. जाड, ओबडधोबड, फारसी अक्षरं अर्धी कडेबाहेर गेलेली, अंगावर बारीक टोचे. आठवं नाणं गोल आणि लखलखीत. त्यावर राम-सीता, पायाशी मारुती. कुणा जहागीरदाराने ते आजोबांना भेट दिलं, असं घरात सांगत. जहागीरदाराचं नाव, गाव, भेटीचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्यामुळे गोष्टीला काही बाध येत नसे. ते नाणं देवघरात असायचं, बाकीची सात हिंगाच्या डबीत.

आईला किमतीचं काही पडलं नव्हतं. तिला एकच काळजी होती. वर्षश्राद्धाच्या आत अप्पांचा टाक देवघरात बसला पाहिजे. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, गेलेल्या माणसाची मूर्ती उठवलेला. आमच्या घरात त्याची चांदी बाजारातून आणत नाहीत. घरातलीच आटवतात, आणि ती निर्भेळ लागते. "त्यांना दुसऱ्याच्या चांदीत बसवू नका," एवढंच आई म्हणाली होती.

काकांचे जावई हुमनाबादहून आले होते. त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ होता. त्यातला माणूस सांगत होता की, रामाचं जुनं नाणं खरं असेल तर तांदूळ ओढून घेतं, आणि अशा नाण्याला परदेशातून कोटींची मागणी असते. परदेशातल्या लोकांना तांदूळ ओढायला नाणं कशाला लागतं, हे त्याने सांगितलं नाही. लगेच ताटात तांदूळ आले. जावयांनी नाणं वरून हळूच टेकवलं आणि उचललं. तीन दाणे चिकटून आले.

"ओढलं की मामा," जावई हळू आवाजात म्हणाले.

"व्हय रं," काका म्हणाले. "जहागीरदार काय खोटं देतंय व्हय?"

नाण्याला रोजच्या पूजेचं तेल आणि कुंकू लागलेलं होतं. त्याने शेंगदाणेसुद्धा ओढले असते. मग सात हाली रुपयांची पाळी आली. त्यांना आईने कधीतरी कोरड्या फडक्याने पुसलेलं असल्यामुळे त्यांनी एकही दाणा ओढला नाही. जावयांनी एक उलटसुलट करून पाहिलं. "हे तर कुणी खिळ्यानं टोचलंय. अक्षरं बी अर्धीच हायती. डुप्लिकेट दिसायलंय."

काकांनी रामाचं नाणं तळहातावर घेतलं. मग आईला म्हणाले, "वहिनी, सातच्या सात तुम्ही ठिवा. मला वाटणी नको. वडलांची आठवण म्हणून हे एकच नेतो."

आईने मान डोलावली. बसलेल्यांपैकी दोघांनी काकांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं.

मी बीदरच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळते. जुन्या नाण्यांवरची पुस्तकं आमच्याकडे कुणी नेत नाही, म्हणून ती मीच वाचली आहेत. हाली रुपया हातोड्याने ठोकून करत. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून अक्षरं बाहेर जातात. टोचे सराफांचे. आत तांबं तर नाही ना, हे पाहायला ते टोचून बघत. ज्या खुणांवरून जावयांनी नाणी नापास केली, त्या पास झाल्याच्या खुणा होत्या. आणि लखलखीत नाण्याच्या कडेला साच्याची बारीक रेघ होती. दोन दिवाळ्यांपूर्वी धुताना ती मी पाहिली होती. ते ओतीव होतं, कुठल्यातरी जत्रेतलं.

मी बोलले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला मजा वाटत होती. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी वाटत होतं.

पुढचे काही महिने काकांच्या नाण्याच्या बातम्या येत राहिल्या. ते मखमलीच्या पिशवीत ठेवलंय. सोलापूरकडचा कुणी लाख द्यायला तयार आहे. सोनाराला दाखवणार नाहीत, सोनार नाणं बदलून देतो. या बातम्या मी चहाबरोबर चवीने ऐकत होते.

दहाव्या महिन्यात आईने दिवस धरला. चिटगुप्प्याच्या आमच्या जुन्या सोनाराकडे मी सात रुपये घेऊन जायचं ठरलं. आई म्हणाली, "काकांना बी बलाव. भावाच्या टाकात भावाची चांदी पडावी लागती."

हे मी साफ विसरले होते. पुस्तकांत हे नसतं.

काका माझ्या आधीच दुकानात येऊन बसले होते. मखमलीची पिशवी त्यांनी स्वतःच सोडली. "लाखाचं हाय," ते सोनाराला म्हणाले. "पर भावाहून मोठं हाय का? हे बी मुशीत टाक."

सोनाराने नाणं कसोटीच्या दगडावर घासलं. रेघ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तो म्हातारा, तीन पिढ्यांचा ओळखीचा. काकांना म्हणाला, "अण्णा, सात रुपयांची चांदी लई झाली. हे देवाजवळ असू द्या."

"माझं कामून नको?"

"रामाची मूर्त हाय. मोडू नये."

"रामाला मी सांगतो काय सांगायचं ते. टाक."

सोनार चांदी आटवायची मूस पुसत बसला. काका माझ्याकडे वळले. "तू शिकलेली हाईस. तू सांग. खरं हाय का खोटं?"

नाणं मुशीत गेलं असतं तर अप्पांचा टाक बिघडला असता. मी म्हणाले, "खोटं आहे, काका."

"आज कळालं?"

"नाही."

"कवापासून ठाव हाय?"

"वाटणीच्या आधीपासून."

त्यांनी नाणं उचललं, पिशवीत घातलं, दोरी ओढली. "तवा सांगितली असतीस तर मी हसलो असतो गं," ते म्हणाले. "दहा महिने हसत बसलीस व्हय एकटीच?"

काकांनी सदरा वर करून कमरेचा चांदीचा करदोटा सोडला आणि सोनारापुढे ठेवला. बोटभर तोडायला सांगितला. सोनाराने तो आधी दगडावर घासला, काकांच्या समोरच. काकांनी तेही बघून घेतलं. उरलेला करदोटा कमरेला पुरेना, तो त्यांनी खिशात घातला.

टाक झाला. साचा एकच असल्याने अप्पा हुबेहूब आजोबांसारखे दिसतात, आणि आजोबा पणजोबांसारखे. आईला तो फार आवडला. बसवण्याच्या दिवशी काका आले, पूजेला बसले, जेवले. वरण वाढायला मी गेले तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि आईकडून वाढून घेतलं.

रात्री भांडी आवरताना आईने विचारलं, "कामून गं, काका बोलंनात तुझ्याशी?"

मी म्हटलं, "थकले असतील."