बापाच्या सुराला लावलेली गिटार

ज्या माणसाच्या मौतीला तुम्ही गेला नाहीत, त्याच्या घरचं गाणं मागायला तुम्ही कोणत्या तोंडानं जाता?

हा प्रश्न मी आमच्या गावच्या चावडीत विचारला तेव्हा माझे अप्पाच म्हणाले, "पत्रकं वाचून वाचून तुझं डोस्कं फिरायलंय." अप्पांचं अर्धं खरं आहे. माझं वाचणं पत्रकांवरच झालं. निजामी राज्यात थोरला अण्णा सोलापूरहून धोतराच्या घडीत ती लपवून आणायचा आणि आळंदच्या बाजारात तुरीच्या पोत्यांआडून ती हातोहात जायची. जुलूम या शब्दाचा अर्थ मला त्या कागदांनी शिकवला. मग पोलीस ॲक्शन झालं, निजामी गेली, आणि त्यानंतरच्या दिवसांत आमच्याच माणसांनी आमच्याच शेजाऱ्यांचं जे केलं, त्याचं पत्रक कुणी छापलं नाही. मी बरेच महिने वाट पाहिली.

आमचं गाव आळंदहून उमरग्याच्या अंगाला. तिथले पीर साऱ्या गावाचे. मोहरमात पिरांचे पितळी पंजे बसवायचे मुसलमानांच्या चार घरांनी, दिव्याचं पहिलं तेल आमच्या लिंगायताच्या घरचं, अलाव्याचा, म्हणजे पिरापुढच्या आगीचा, खड्डा खणायचा धनगरांनी. करबल्याच्या रणातल्या मरणाचं गाणं, त्याला आमच्याकडे रिवायत म्हणतात, ते मात्र एकाच घरानं म्हणायचं. मराठी, कानडी आणि दखनी तिन्ही त्यात मिसळलेल्या. शेवटच्या दिवशी पंजे ओढ्यावर नेऊन पाण्यात थंडे करतात. त्याआधी शेवटचं पद होतं. ते झाल्याशिवाय पीर जागचे उठत नाहीत, असा रिवाज.

ते घर माझ्या दोस्ताचं. त्याचे वडील जमिनीवर बसून, एकतारी मांडीला टेकवून रिवायत म्हणायचे. त्यांचा सूर फार खालचा. पहिली ओळ सुरू झाली की पोरंसोरंसुद्धा खाली बसायची, कारण उभं राहून ती नीट ऐकूच यायची नाही.

त्या दिवसांत कुणीतरी त्यांना मळ्यातून बोलावून नेलं. ते परत आले नाहीत. मय्यत मिळाली नाही, म्हणून कबरही नाही. दुसऱ्या दिवशी घर लुटलं गेलं. हंडे गेले, शेळ्या गेल्या, गोधड्या गेल्या, आणि खुंटीवरची एकतारीही गेली. चाची, म्हणजे दोस्ताची आई, आमच्या गुरांच्या कोठ्यात लपलेली होती. माझी थोरली बहीण अक्का, तिनं तिला तिथं भाकरी पोचवली. गावातलं कुणी तिच्या दारात बसायला गेलं नाही. जे लुटीत होते ते जाणार नव्हते, आणि जे नव्हते ते लुटणाऱ्यांना भिऊन गेले नाहीत. दोस्त तेव्हा सिकंदराबादेत होता, रेल्वेच्या क्लबात चहा-सोडा द्यायच्या कामावर.

त्या वर्षी मोहरम झालाच नाही. पुढच्या वर्षी पाऊस लांबला, रोग आला, आणि गाव म्हणू लागलं की पीर नाराज झालेत. दोस्त परतलेला नव्हता. मग चावडीनं ठरवलं की रिवायत भजनी मंडळ म्हणेल. ऐकून ऐकून पदं बऱ्याच जणांना पाठ होती. मन वाईट नव्हतं त्यांचं, हेही मला लिहिलं पाहिजे. पण पेटीवाल्यानं भजनाला धरतो तीच वरची पट्टी धरली, टाळकरी टाळ घेऊन उभे राहिले, आणि सगळ्यांनी मरणाचं गाणं गळा ताणून, ठेका धरून म्हटलं. पद संपल्यावर सवयीनं कुणीतरी जयजयकारही केला. चाची कोपऱ्यात बसली होती. ती उठली आणि अप्पांपुढं येऊन थांबली.

"अप्पा, लगीन कुणाचं होतं?"

अप्पांनी मान खाली घातली. ती गेली, आणि नंतर कित्येक महिने गावातल्या कुणाशी बोलली नाही.

दोस्त त्याच्या पुढच्या वर्षी आला तो गिटार घेऊन. क्लबात येणारा एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर बायकापोरांसह देश सोडून निघाला, तेव्हा त्यानं ती याला दिली होती आणि त्याआधी थोडीबहुत शिकवलीही होती. गावात कुणी गिटार पाहिलेली नव्हती. लोक वाटेत अडवून विचारायचे, "तंबोऱ्याला कमरंत कामून आवळलंय रं?" तो हसायचा. घरात आला की हसणं बंद व्हायचं, कारण आई त्याच्याकडे एकच गोष्ट मागत होती. ज्याला कबर नाही त्याचं रडायचं कुठं? तिला नवऱ्याच्या सुरात रिवायत ऐकायची होती. एकदा तरी, आणि शेवटच्या पदापर्यंत.

दोस्ताचा आवाज वडिलांसारखा नाही. तो पातळ आहे, आणि आधाराला खालचा सूर नसला तर वर पळतो. आधार द्यायला एकतारी नव्हती. मग त्यानं गिटार काढली. तिच्या सहा तारा सहा वेगळ्या सुरांना लावायची रीत आहे, म्हणजे हवं ते गाणं वाजवता येतं. त्या रीतीनं त्यानं चाल वाजवली. चाल बरोबर होती, पण मधली एखादी तार उगाच गोड बोलायची आणि सगळं सिनेमातल्यासारखं व्हायचं.

"हे बंद कर," चाची म्हणाली.

एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर होतो. त्यानं ड्रायव्हरनं शिकवलेली रीतच सोडून दिली. सगळ्यात जाड तारेची खुंटी पिळून ती सैल केली, छेडली आणि आईकडे पाहिलं.

"होर खाली," ती म्हणाली.

त्यानं आणखी सैल केली.

"होर खाली रे."

"अम्मा, आता तार सुटंल."

"सुटू दे. माझं काय काय सुटलंय, तारेचं काय घेऊन बसलास?"

शेवटी एका जागी तिनं पदर तोंडाशी धरला. तो त्यांच्या घरचा सा. मग त्यानं शेजारची तार पंचमाला लावली, तिच्यापुढची वरच्या सा-ला. चौथी एवढी ढिली केली की ती तिसरीच्याच सुरावर येऊन बसली, आणि दोघी एकत्र छेडल्या की मध्ये एक थरथर उरू लागली. राहिलेल्या दोन पुन्हा पंचम आणि सा. सहा तारा आणि सूर दोनच. ढिल्या तारा दांडीवरच्या पट्ट्यांवर खरखरत होत्या. मला वाटलं, वाद्य बिघडलं. दोस्त म्हणाला, "ऱ्हाऊ दे, अब्बाची एकतारी बी अशीच खरखरायची." त्यानं आईच्या जुन्या ओढणीतलं सूत काढून घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारांखाली सरकवलं. खरखर एकसारखी झाली. डाव्या हाताचं कामच उरलं नाही, तो हात तसाच लाकडावर पडून राहिला.

गाणारं घर परतलं हे कळताच चावडीची माणसं त्याला बोलवायला निघाली. तेव्हा मी तो प्रश्न विचारला होता. त्यांचं सगळं बोलणं गिटारीवरच अडलं होतं.

"पिरापुढं असलं इंग्रजी वाजवतात व्हय?" एक म्हातारे काका म्हणाले.

"मग एकतारी द्या की काका, तीच वाजवतो," दोस्त म्हणाला.

काका तंबाखू मळत राहिले. पुन्हा कुणी हरकत घेतली नाही.

मोहरमाच्या शेवटच्या दिवशी ऊन कलल्यावर तो जमिनीवर बसला. मांडीवर गिटार आडवी. त्यानं अंगठ्यानं सहाही तारा एकदाच, सावकाश छेडल्या, आणि उभी असलेली माणसं खाली बसू लागली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तो गात गेला. आवाज त्याचाच होता, पातळ, पण या वेळी तो वर पळाला नाही. बायका रडत होत्या. अप्पा रडत होते. मला त्या रडण्याचा राग आला. दोन वर्षांपूर्वी त्या घराच्या ओट्यावर येऊन रडायला यांचे पाय मोडले होते का?

शेवटच्या पदाआधी त्यानं तारांवर हात ठेवला. तिथं थांबायचा रिवाजच आहे. त्या शांततेत चाची बसल्या जागेवरून, शेजारणीला मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, "त्यांची एकतारी कुणाच्या घरी हाय?"

चाची एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेली.

"मी मारणाऱ्याचं नाव इचारत न्हाई. हंडे माघारी मागत न्हाई. एकतारी कुठं हाय तेवढं सांगा."

काका म्हणाले, "चाची, पीर खोळंबलेत. ते पद होऊ दे, मग बघू."

"पीर थांबतील," ती म्हणाली. "ती आली की पद होईल."

दोस्तानं गिटार बाजूला ठेवली. काहींनी त्याची विनवणी केली, एकानं दम दिला. तो आईकडे पाहत राहिला आणि गायला नाही. अंधार पडायच्या आत माणसं एकेक करून उठून गेली. पंजे ओढ्यावर गेले नाहीत. तसेच हिरव्या कापडात गुंडाळून ठेवले.

तेव्हापासून दर मोहरमात हेच होतं. तो सिकंदराबादेहून येतो, तारा त्या सुराला उतरवतो, सगळी रिवायत म्हणतो आणि शेवटच्या पदापाशी थांबतो. चाची बघत बसते. पंजे पुन्हा गुंडाळले जातात. गावात म्हणतात, म्हातारी हट्टी आहे. मी म्हणतो, गाव निगरगट्ट आहे. मी आधी आमचं घर झाडलं, माळा, धान्याचं बळद, कडब्याच्या गंजीमागची जागा, सगळं. अप्पांसमोर झाडलं. आमच्याकडे ती नव्हती.

आता चाची खंगत चाललीय. परवा मी गेलो तेव्हा तिला उठवेना. अक्का रोज पेज घेऊन जाते. दोस्त रजा काढून आलाय आणि बाजेशेजारी बसून त्याच दोन सुरांवर तारा छेडत असतो. ती मधूनच विचारते, "आली का?" तो न्हाई म्हणतो. यंदाचा मोहरम तिला दिसेल की नाही, सांगता येत नाही. शेवटचं पद ऐकल्याशिवाय ती गेली, तर तिच्या नवऱ्याची मौत तशीच उघड्यावर राहील.

म्हणून हे पत्रक वाचणाऱ्याकडे माझं मागणं आहे. लुटीचा माल आमच्या गावातच राहिला नाही. तो निर्ण्याकडे गेला, बसवकल्याणच्या बाजारात विकला गेला, तुमच्याही घरी आला असेल. त्या एकतारीचा भोपळा एका बाजूनं तडकलेला आहे आणि पितळेच्या तारेनं शिवलेला आहे. दांडीला खाली कोयत्याचा जुना वार आहे. आज घरी गेलात की माळ्यावर चढा. सापडली तर आमच्या गावच्या पिराच्या ओट्यावर आणून ठेवा. ज्या गावचे पंजे थंडे झाले नाहीत ते गाव आळंदच्या बाजारात कुणीही सांगेल. अंधारात ठेवा, तोंड झाकून ठेवा, दुसऱ्याच्या हातानं पाठवा. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. फक्त मोहरमाची वाट पाहू नका, या आठवड्यात आणा.