मागच्या अंगणाचं कलम

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न ठरलं तेव्हा मी जळगावात एका वकिलांकडे टायपिंग करत होते. रोज लोकांची खरेदीखतं आणि भाडेपट्टे बडवून माझी अशी समजूत झाली होती की कागदाच्या बाबतीत आपला हात कोणी धरू शकणार नाही. आणि नेमका आमच्याच घरचा कागद कच्चा निघाला.

मंगल कार्यालय वडिलांनी ठरवलं होतं. मालक ओळखीचे, सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी पावती दिली. तीत तारीख, हॉल, खोल्या, भांडी असं सगळं होतं. मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवून कणकेच्या बट्ट्या भाजायच्या, हेही बोलणं झालं होतं. पण "अंगणाचं काय लिहायचं, ते तुमचंच आहे," असं नाना म्हणाले आणि वडील खूश होऊन घरी आले. लग्नाला महिना उरला असताना नानांनी कार्यालय विकलं आणि ते मुलाकडे नाशिकला निघून गेले.

नवे मालक कापसाचे व्यापारी. मी वडिलांना घेऊन त्यांच्याकडे गेले. पावती पाहून शेठजी म्हणाले, "तारीख तुमचीच. नानांनी घेतलेली सगळी बुकिंगं मी पाळणार, तसं खरेदीखतातच आहे. पण अंगणात मी नवी फरशी बसवलीय. तिथे जाळ करू देणार नाही. पावतीत कुठे लिहिलंय अंगण?"

कुठेच नव्हतं. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "आचारी लावू, पुरी-भाजी करू. त्यावाचून लग्न थोडंच अडतंय?"

ते भर रस्त्यात थांबले आणि अहिराणीत म्हणाले, "पोरी, बठ्ठा गावले बट्टी खावाले बलायेल शे."

सगळ्या गावाला त्यांनी बट्टी खायला बोलावून ठेवलं होतं. त्यांचं गाव भडगावजवळ. नोकरीसाठी गाव सोडल्यापासून तिथल्या प्रत्येक लग्नाला ते जात, पंगतीत बसून वरण-बट्टी खात. आमच्या घरचं हे पहिलंच कार्य. गावच्या बायका येऊन बट्ट्या भाजतील आणि आपण तुपाचं भांडं घेऊन पंगतीतून फिरू, हे त्यांनी किती वर्षं मनात धरलं होतं कोण जाणे. मला माझ्या पुरी-भाजीची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी करारनामा टाइप केला. नानांना नावं ठेवून उपयोग नव्हता, आता जे बोलायचं ते नव्या मालकाशीच. फरशीवर वीतभर माती पसरू आणि त्यावरच गोवऱ्या पेटवू, असं लिहिलं. माझ्या हुशारीचा कळस म्हणजे शेवटचं कलम: त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, माती उचलून फरशी धुऊन होती तशी करून देऊ.

शेठजींनी कागद दोनदा वाचला. "वकिलांनी केलाय का?"

"नाही, नवरीने."

ते हसले नाहीत, पण सही केली. वडिलांनीही केली. परत येताना मी इतकी फुशारले होते की वडिलांना माझ्या पगारातून चहा पाजला.

लग्न दुपारचं होतं. गावाहून माणसं ट्रक भरून आली. धुळ्याची वऱ्हाडी मंडळी सकाळी मानपानावरून जरा ताठ होती. वरणात बट्टी चुरताना तीही नरम पडली. वडील तुपाची धार सोडत "अजून एक, अजून एक" करत फिरत होते. मंगलाष्टकांपेक्षा मला त्यांच्याकडे बघण्यातच जास्त सुख होतं, हे नवऱ्याला मी बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

पाठवणीची वेळ झाली. गाडी उभी, आई रडतेय, आणि वडील कुठेच दिसेनात. गावच्या बायकाही गायब. मी शालू सावरत मागे गेले.

अंगणात सगळ्या जणी पदर खोचून फरशी घासत होत्या. त्यांच्या मधोमध माझे वडील, डोक्याला फेटा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खराट्याने पाणी लोटत होते. ऊन भिंतीच्या वरच्या कडेला पोचलं होतं.

"थांब बेटा," ते मान वर न करता म्हणाले. "दिन मावळाना पहिले देनी शे. लिखी देयेल शे."

स्वतःच टाइप केलेल्या कागदाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

शेठजी कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते बुटांसकट ओल्या फरशीवर उतरले आणि त्यांनी वडिलांच्या हातातला खराटा काढून घेतला. त्यांना अहिराणी येते हे मला तेव्हाच कळलं.

"भाऊ, पोर चालनी. फरशी ऱ्हाऊ द्या."

खराटा गेला तसे वडील माझ्याकडे वळले. सकाळपासून त्यांनी माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. ओल्या हातांनीच त्यांनी माझं तोंड कुरवाळलं आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले.