थकलेल्या पगाराची माणसं

कामगार कोर्टात वकिली करणाऱ्याकडं किस्से गोळा करायला जावं लागत नाही. माणूस थकलेल्या पगाराची केस घेऊन येतो, समोर बसतो. पाच मिनिटांत मुद्द्याचं सांगून होतं, आणि पुढचा अर्धा तास तो भलतंच काहीतरी सांगत राहतो. मुद्द्याचं फाइलमध्ये जातं. उरलेलं आमच्याकडं राहतं. साताऱ्याला मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते निकम सर म्हणायचे, "केस विसर हवं तर. माणूस विसरू नकोस." आता सांगलीत विश्रामबागला माझं स्वतःचं ऑफिस आहे. कामगार येतात तसे मालकही येतात. काही केसेस खरंच विसरले. माणसं राहिली.

*

दस्तगीरभाई माझे पक्षकार, म्हणजे मालक. पलूसजवळ त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप. एका मोठ्या कंपनीनं त्यांचं बिल अडकवलं आणि त्यांनी संपत नावाच्या कामगाराचा पगार अडकवला. संपतनं केस टाकली.

पहिल्या तारखेला मी कोर्टाच्या दारात उभी होते. दस्तगीरभाई मोटरसायकलवरून आले आणि मागच्या सीटवरून संपत उतरला.

मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, समोरच्या पार्टीला गाडीवर घेऊन येता?"

"भांडण पगाराचं हाय मॅडम, गाडीचं न्हाई," ते म्हणाले. "त्याची तारीख चुकली तर केस उडंल त्याची."

असं वर्षभर चाललं. आत दोघं दोन बाकांवर बसायचे, बाहेर एका गाडीवर. शेवटच्या तारखेला मात्र दोघं स्टँडवरून चालत आले. दस्तगीरभाईंनी गाडी विकली होती. संपतचे सगळे पैसे आदल्या दिवशीच दिले होते.

"मग आज आलात कसे?"

"एस्टीनं," दस्तगीरभाई म्हणाले. "तिकीट त्यानं काढलं."

*

तासगावकडच्या एका शेडवर बेदाणा निवडायला जाणाऱ्या बायका टेम्पोत बसून माझ्याकडं आल्या. अख्ख्या हंगामाची मजुरी मिळाली नव्हती. हजेरी नाही, पावती नाही, काहीच लेखी नाही. त्यांच्यातल्या हौसाबाई सगळ्यांत वयस्कर. बोलायच्या त्याच.

कामगार अधिकाऱ्यांनी शेडच्या मालकाला बोलावलं. तिशीतला पोरगा, शेजारी वकील. अधिकाऱ्यांनी विचारलं, "या बायका तुमच्याकडं कामाला होत्या?"

"मी या बायकांना ओळखत नाही," तो म्हणाला. पाठ केलेलं वाक्य वाटत होतं.

बायकांत चुळबुळ झाली. हौसाबाई जागेवरून हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "वळकत न्हाईस? मग तुजी आई गेली तवा कुणाच्या गळ्यात पडून रडलास रं?"

पोरगा टेबलाकडं बघत राहिला. त्याचा वकील चष्मा पुसायला लागला.

"ओळखतो," तो म्हणाला. "सगळ्यांना ओळखतो."

मजुरी दोन हप्त्यांत मिळाली. पण त्या दिवशी बाहेर पडताना तो हौसाबाईंजवळ थांबला. हौसाबाईच म्हणाल्या, "जेवलायस का?"

*

हा किस्सा निकम सरांकडं असतानाचा.

सातारच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर एक निवृत्त हवालदार रखवालदार होते. कारखाना बंद पडला. ज्या एजन्सीनं त्यांना ठेवलं होतं तिनं पगार बंद केला, फोन उचलणंही बंद केलं. हवालदार मात्र रोज ड्युटीवर जात राहिले. आमच्याकडं ते आलेच नाहीत. त्यांची बायको आली.

"आवं वकीलसाहेब, बंद कारखान्याची राखण करत्यात. पगार न्हाई, काय न्हाई. विचारलं तर म्हणत्यात, मला कुणी रिलीव्ह केलं न्हाई."

सरांनी हवालदारांना समजावून सही घेतली, अर्ज टाकला. चौकशीत एजन्सीचा मॅनेजर म्हणाला, "कारखाना बंद आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. यांना कामावर या म्हणून कुणी सांगितलं होतं?"

हवालदार उभे राहिले. "येऊ नका म्हणून तरी कुणी सांगितलं?"

तडजोड झाली. थकलेला पगार द्यायचं मॅनेजरनं मान्य केलं आणि वैतागून म्हणाला, "बरं, उद्यापासून येऊ नका."

"हितं नगं," हवालदार म्हणाले. "गेटवर येऊन सांगा."

सर हसले नाहीत. त्यांनी मॅनेजरला आपल्या गाडीत बसवलं, मलाही घेतलं. गेटवर हवालदारांनी खिशातून किल्ल्या काढून मॅनेजरच्या हातात दिल्या. कोपऱ्यातली काठी दिली, बॅटरी पेटवून दाखवली आणि दिली. मग खुर्चीकडं हात केला.

"आता बसा तुमी."

"मी? मी कसा बसणार?"

"मग कुणाला तरी बोलवा. तवर बसा. गेट मोकळं सोडता येत न्हाई."

आणि ते निघाले. बायको रस्त्याच्या पलीकडं उभी होती. दोघांनी मागं वळून बघितलं नाही. मॅनेजर संध्याकाळपर्यंत तिथंच बसला होता असं नंतर कळलं.

*

मीनाताई माझ्या ऑफिसपासून चार घरं सोडून राहतात. कॉलेजच्या मुलांसाठी मेस चालवतात. त्यांच्याकडं म्हसवडचा शिवाजी स्वयंपाकाला होता. एक दिवस त्यांची अंगठी सापडेना. त्यांनी शिवाजीवर आळ घेतला, मुलांसमोर चोर म्हणाल्या आणि पगार न देता काढून टाकलं. त्याची नोटीस आली म्हणून त्या माझ्याकडं आल्या. तेव्हा फार तावात होत्या.

काही दिवसांनी पुन्हा आल्या. दार लावून घेतलं.

"अंगठी पिठाच्या डब्यात सापडली," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातातली गळली असणार. आता कायदा काय म्हणतो?"

"राहिलेला पगार द्या म्हणतो."

"आणि चोर म्हणाले त्याचं?"

अब्रूनुकसानीचं वगैरे सांगता आलं असतं. पण त्या ते विचारत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या म्हसवडला गेल्या. शिवाजीच्या दारात उभ्या राहिल्या. तो आत या म्हणाला, तर म्हणाल्या, "आधी शेजाऱ्यांना बोलाव." आजूबाजूची माणसं जमली. त्यांच्यासमोर त्यांनी सांगितलं, "मी याला चोर म्हणाले. यानं काही घेतलं नव्हतं. चूक माझी."

हे मला मीनाताईंनी सांगितलं नाही. तडजोडीच्या कागदावर सही करायला शिवाजी आला तेव्हा त्यानं सांगितलं.

मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, ताई, लय उन्हातनं आलायसा. पाणी घ्या."

"परत जाणार का त्यांच्याकडं कामाला?"

त्यानं सही केली, पेन बंद करून माझ्यासमोर ठेवलं. "न्हाई," तो म्हणाला. "पाणी दिलं की."

*

आता इंदूबाईंचं सांगते.

त्यांचे पती सूतगिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली, पगार थकले. कामगारांनी दावा लावला आणि तो चालू असतानाच ते वारले. वारस म्हणून इंदूबाईंचं नाव लागलं. पुढं निकाल आमच्या बाजूनं झाला, पैसे फार उशिरा मिळाले. सांगायचं ते त्यांच्या साक्षीचं.

इंदूबाई पहिल्यांदाच कोर्टात आल्या होत्या. पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, शपथ घेतली. स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मी विचारलं, "तुमच्या पतीचं नाव?"

मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी पदर पुढं ओढला आणि खाली बघत राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं. मी न्यायाधीशांना म्हटलं, "मॅडम, त्या नाव घेत नाहीत. जुन्या वळणाच्या आहेत."

समोरचे वकील चांगले होते. तेही उठून म्हणाले, "आमची हरकत नाही. नाव कागदावर आहेच."

न्यायाधीश वयानं लहान, माझ्या मुलीएवढ्या. त्या इंदूबाईंना म्हणाल्या, "बाई, तुम्हाला अवघड जातंय ते कळतंय मला. पण साक्ष तुमची आहे. नाव तुमच्या तोंडून यायला पाहिजे. सावकाश सांगा."

कोर्ट भरलेलं होतं. गिरणीतले कामगार मागं भिंतीला लागून उभे होते.

इंदूबाईंनी कठडा धरला. आमच्याकडं पाठ करून त्या बाजूच्या भिंतीकडं वळल्या आणि हळू, पण स्पष्ट आवाजात म्हणाल्या,

"गिरणीच्या भोंग्यावर ठेवते चहाचं आधण,
शंकररावांचं नाव माझ्या जन्माचं गोंदण."

टायपिंगचा आवाज थांबला. स्टेनोनं न्यायाधीशांकडं बघितलं. "मॅडम, फक्त नाव घेऊ?"

"नाही," न्यायाधीश म्हणाल्या. "बोलल्या तसंच घ्या."